हौसाक्का पिल्लं लावून द्यायची

हौसाक्का गेली त्या आठवड्यात गावात पाच घरी कोंबड्या खुडूक बसल्या होत्या. हे मला ठाऊक असायचं कारण इतकंच की त्या पाचही घरच्या बाया माझ्याकडे येऊन गेल्या. मी शाळेतली बाई, मूळची वाईची, कोंबडीला हात लावायचा म्हटलं तरी अंगावर काटा येणारी. पण आक्काच्या शेजारच्या खोलीत सहा वर्षं काढली, तेव्हा माझ्या हाताला काहीतरी आलं असणार, अशी त्यांची समजूत. "तुमी बगितलंय न्हवं बाई, मग द्या की लावून पिल्लं," असं त्या म्हणायच्या. नुसतं बघून येत असतं तर सहा वर्षांत मला ज्वारीची भाकरी तरी आली असती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. कोंबडीला अंडी उबवायचं वेड लागलं की ती खुडूक झाली म्हणतात. पिसं फुलवून ती एका जागी बसते, खाणंपिणं सोडते, जवळ जाईल त्याला टोचते. अशा कोंबडीच्या पोटाखाली दुसरीकडून आणलेली, बाजारातली नाहीतर मशीनमधून निघालेली पिल्लं सारायची आणि तिनं ती आपलीच म्हणून घ्यायची, हे काम. तिला संशय आला तर एका टोचीत पिल्लाचं डोकं फुटतं. गावातल्या निम्म्या बायांनी करून बघितलेलं आणि हात पोळून घेतलेले. हौसाक्काच्या हातून मात्र सहसा जमायचं. औंधच्या बाजारात पिल्लं घेतली की लोक ती घरी न नेता आधी आक्काच्या ओसरीवर आणायचे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते खोली बघायला गेले तेव्हा. शाळेजवळ आणि आत संडास असलेली एवढी एकच खोली गावात भाड्यानं मिळण्यासारखी होती. दारात जाऊन "कुणी आहे का?" असं विचारलं, तर ओसरीवर एक उंच, वाळलेली म्हातारी पालथ्या टोपलीला कान लावून आडवी पडलेली. तिकडे त्या टोपलीला डालगं म्हणतात. तिनं मान न उचलता एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला बाजूला सरकायची खूण केली. माझी सावली डालग्यावर पडत होती. मी सरकले. पाच-सात मिनिटं शाळा भरल्यासारखी गप्प उभी राहिले. मग ती उठून बसली, पदर कानामागे खोचला आणि स्वतःशीच म्हणाली, "घेतली गं बाय, घेतली." मग माझ्याकडे वळून, "हां, आता बोला. खोली बगायची हाय व्हय?"

काय घेतली ते मी विचारलं नाही. म्हातारी थोडी सरकलेली दिसते, पण भाडं कमी आहे, असा हिशेब करून मी सामान आणलं.

तिची पद्धत मला पुढे हळूहळू कळली, कारण ती शिकवायची नाही आणि विचारलेलं तिला आवडायचं नाही. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली ती ओढ्यातले गुळगुळीत गोटे ठेवायची. कोंबडी बिचारी ते गोटे मनोभावे उबवत बसे. पिल्लं आली की दिवेलागणीपर्यंत ती थांबायची. तोवर कोंबडीच्या खालचं गवत काढून पिल्लांच्या खोक्यात पसरायची, म्हणजे त्यांच्या अंगाला तिचा वास लागतो. मग स्वतःचे दोन्ही हात काखेत धरून बसायची. परक्या माणसाला वाटे, बाई रुसून बसलीय. ती हाताला ऊब आणत असायची. गार हात पोटाखाली गेला की कोंबडी दचकते. अंधार पडला, कोंबडी पेंगली, की डाव्या हातानं एक गोटा काढायचा आणि उजव्या हातानं एक पिल्लू सारायचं. पुन्हा एक गोटा, पुन्हा एक पिल्लू. पोटाखालची जागा रिकामी झालेली तिला कळता कामा नये. मग कान लावून बसायचं. कोंबडी घशातल्या घशात कुर्र असं बोलली की अर्धं काम झालं.

अर्धंच. कारण पहाटे तांबडं फुटायच्या आधी आक्का पुन्हा डालग्यापाशी हजर असायची. माझं दार उघडं दिसलं की मला म्हणायची, "अंधारात कुनीबी घेतंय, बाई. सकाळी तोंड बगून घेतलं तर खरं."

पिल्लं ती कधी मोजायची नाही. पाटीभर पिल्लं घेऊन आलेल्यानं "पंधरा हैत बगा" म्हटलं की म्हणायची, "आसूंदेत. कोंबडी मोजत न्हाई, ती खोड मानसाची." बोलणं असं तोडून टाकल्यासारखं, पण रागाचा लवलेश नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातली तांदळाची कणी मी तिला आणून द्यावी अशी तिची पहिल्या महिन्यापासूनची मागणी होती. ती सरकारी असते, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग काय झालं? सरकारला कुटं चोच हाय?" मी दिली नाही, दुकानातून विकत आणून दिली. ती चव घेऊन म्हणाली, शाळेची बरी असंल.

एकदा मी तिचं नुकसान केलं. वर्गात मुलांना दाखवायला म्हणून मला व्हिडिओ हवा होता. आक्का गिरणीत गेलेली. आदल्या संध्याकाळी लावलेली पिल्लं डालग्याखाली निवांत होती. मी हळूच डालगं उचलून मोबाइलचा उजेड पाडला. कोंबडी एकदम उभी राहिली, तिनं खाली बघितलं आणि सगळ्यात पुढच्या, काळ्या पिल्लाला असं टोचलं की ते जागीच लोळलं. मी डालगं टाकून रडत बसले. आक्का आली, तिनं बघितलं. पिल्लू उचलून शेवग्याच्या बुडाशी पुरलं, हात धुतले आणि मला भाकरी वाढली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली, पण माझ्याकडे बघून बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला दिसल्याबिगार चैन पडत न्हाई." तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर बरेच दिवस होता, मग मीच पुसून टाकला.

तिच्या भिंतीवर लष्करी गणवेशातल्या एका मिशाळ माणसाचा फोटो होता. "आमचं दाजी," असं ती सांगायची. मला वाटलं, बहिणीचे यजमान. मी एकदा विचारलं, "आणि तुमचे मालक?" ती हसली. "त्येच की." तिची थोरली बहीण ताना या घरात दिली होती. ती गेली आणि तिच्या जागी हौसाला दिली. लहानपणापासून दाजी म्हणायची सवय, ती लग्न होऊनही गेली नाही. "समोर कायच म्हनत नव्हते. मनात दाजीच. त्येंनीबी कवा इचारलं न्हाई. निम्मं आयुष्य पलटनीत गेलं त्येंचं, सुट्टीपुरतं यायचं." एवढंच तिनं तेव्हा सांगितलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. झालं नाही ते बरंच, डावं-उजवं झालं असतं, असं म्हणून तिनं तो विषय संपवला.

तानाचा मुलगा दिनकर. सांगलीत विश्रामबागेत राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, पंचावन्नच्या पुढचा. महिन्यातून एका रविवारी न चुकता गाडी घेऊन यायचा. फळं, गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब आणायचा. पत्रे गळायला लागले तर पत्रे बदलून दिले, डोळ्याचं ऑपरेशन स्वतः रजा काढून करवून आणलं. नाव ठेवायला जागा नाही. आक्का आदल्या दिवसापासून लगबगीत असायची, त्याला आवडतं म्हणून उडदाचं घुटं करायची, लसूण जास्त घालायची. तो खुर्चीवर बसायचा आणि बोलायचा. "थेंब घातले का?" "गुडघा कसा आहे?" "घुटं छान झालंय." सहा वर्षं मी ते ऐकत होते आणि कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हा माणूस तिला हाक मारत नाही. आई नाही, आक्का नाही, काहीच नाही. तो चुलीकडे बघून बोलायचा, ताटाकडे बघून बोलायचा. एकदा त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, तेव्हा आक्कानं गंमत म्हणून आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. त्याच्या मोबाइलवर अक्षरं उमटली, "घर". आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय लिवलंय वं?" मी वाचून दाखवलं. "घर व्हय," ती म्हणाली आणि घुटं ढवळायला गेली.

हे कोडं मला एका जानेवारीत उलगडलं.

बचत गटाच्या बायांना एका योजनेतून मशीनवरची पिल्लं मिळाली होती. घरटी पन्नास. खोक्यात वर बल्ब लावायचा, त्याच्या उबेत ठेवायची, असं सांगून माणूस टेम्पो घेऊन निघून गेला. औंधच्या माळावर जानेवारीत काय थंडी असते ते त्याला कुणी सांगितलं नसावं. पाचव्या दिवशी दुपारी कुठेतरी डीपी जळाला आणि वीज गेली. दिवस कलायला लागला तशा बाया खोकी घेऊन आक्काच्या ओसरीवर. आक्काकडे तीन कोंबड्या खुडूक होत्या, गावातून आणखी चार आणल्या. तिनं हात काखेत धरले आणि बसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या हाताशी होते, म्हणजे काय, बाया बडबडायला लागल्या की त्यांना गप्प करत होते.

एकीला पिल्लं उशिरा मिळालेली, ती कालचीच होती. ती पटापट लागली. पण बाकीची पाच दिवसांची. कोंबड्यांची ना नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आक्काची पिवळी कोंबडी तर पंख पसरून बोलवत होती, घशात कुर्र कुर्र करत होती. पिल्लंच थांबत नव्हती. पोटाखाली सारलं की बाहेर पळायची. बाहेर येऊन कुडकुडत, चिवचिवत खोक्याकडे जायची आणि विझलेल्या बल्बाखाली एकमेकांवर चढून ढीग करायची. आक्का उचलून आणायची, ती परत जायची. शेवटी तिनं खोक्यावर पोती टाकली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि भिंतीला टेकून बसली. "उशीर झालाय," ती म्हणाली. "कोंबडीची चूक न्हाई. ह्येंनी बल्बालाच आई मानलंय."

सकाळी बल्बाखालच्या ढिगातली बरीच पिल्लं ताठ झाली होती. आक्का ती एकेक करून पाटीत ठेवत होती. पिवळी अजून पंख पसरून बसलेली. मी चहा घेऊन गेले, तर आक्का रडत होती. इतकी वर्षं कोंबड्या पाळलेली बाई, पिल्लं मरणं तिला नवं नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही तरी काय करणार होता?" तिनं चहा बाजूला ठेवला आणि जे बोलली ते पाटीतल्या पिल्लांकडे बघून बोलली.

"ताई बाळंतपनात गेली. पोटातलंबी गेलं. तार मिळाली तसं दाजी आलं, सुट्टी लय थोडी. तेरावं झालं आन सासूबाईंनी माझ्या बाला सांगितलं, धाकटी द्या, पोराला परकी आई नगं. बानं व्हय म्हनून टाकलं. लग्न लागलं तवा सुट्टीचं आट दिस ऱ्हायल्यालं. दाजी जायच्या आत पोरगं माज्या अंगावर रुळाय पायजे हुतं, न्हाईतर त्येंचा जीव लागायचा न्हाई तिकडं."

"दिनकर केवढा होता?"

"चार सरून गेल्याली. माज्याजवळ यायचं की वो. मी मावशीच त्येची. कडंवर बसायचं, इचारायचं, मावशे, आय कवा यील? सासूबाई म्हनल्या, ह्ये आसं चालायचं न्हाई. ताईचं हिरवं लुगडं काडलं पेटीतनं. मला नेसवलं. तिचीच नथ, तिच्याच बांगड्या. पोरगं झोपल्यावर माज्या कुशीत सारलं. म्हनल्या, सकाळी उटंल, आई म्हनंल, मग जमंल सगळं."

ती थांबली. मी "मग?" असं विचारलं.

"मग सकाळ झाली की. जागं झालं. डोळं झाकूनच लुगडं हुंगलं, हसलं. 'आय' म्हनलं बाई. एकदाच. मग मान वर करून माज्या तोंडाकडं बगितलं. आसं वरडलं, आसं वरडलं की आळी गोळा झाली. त्या दिसापास्नं माज्या कडंवर आलं न्हाई. मावशी म्हनलं की सासूबाई चिमटा काडायच्या. आई म्हन, आई म्हन. त्येनं आई म्हनलं न्हाई आन मावशी म्हनायचंबी सोडलं."

तिनं आणखी एक पिल्लू पाटीत ठेवलं. मग ती म्हणाली, "मी ताईसाटी रडलेबी न्हाई. तिचंच लुगडं नेसून तिच्यासाटी कसं रडायचं, सांगा. कोंबडी फसती अंधारात. मानसाचं पोर न्हाई फसत."

मी शिकल्यासारखं काहीतरी बोलले, त्याच्या मनात तुमच्याबद्दल प्रेम आहे, दिसतं की, किती करतो तो तुमचं. "करतोय की," ती म्हणाली. "देवासारका करतोय. मला काय कमी न्हाई. पर बाई, जायच्या आदी एकडाव त्येनं मला कायतरी म्हनून हाक मारावी. काय बी म्हनून." मग पाटी उचलून ती शेवग्याकडे गेली. त्या दिवशी मी पहिल्या तासाला उशिरा पोचले.

पुढच्या दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. चार पावलं टाकली की धाप लागायची. दिनकर आला, बघितलं आणि त्याच दिवशी तिला गाडीत घालून सांगलीला घेऊन गेला. जाताना ती मला कोंबड्यांवर इतक्या सूचना देत होती की त्याला दोनदा गाडी थांबवावी लागली. माझ्यासारखीला तिनं अकरा कोंबड्या सांभाळायला दिल्या. मी रोज हातात फडकं गुंडाळून दाणे टाकत होते आणि कोंबड्याही मला सांभाळून घेत होत्या.

पंधरा दिवसांनी रविवारी मी विट्याला गाडी बदलून सांगलीला गेले. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर ती बसली होती. सुजलेली, पण डोळे तेच. मी बसायच्या आधी तिनं विचारलं, "पिवळी बसली का?" बसली, असं मी सांगितलं. "डाक्टर म्हनतोय, काळीज मोटं झालंय माजं. आता म्हातारपनी मोटं हून काय उपेग?" शेजारच्या खाटेवरची बाई हसली. आक्काला आवडलं, तिनं ते तिला पुन्हा सांगितलं.

दिनकर खुर्चीवर बसून मोसंबं सोलत होता. आक्का थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग मी तिथं आहे, शेजारची बाई ऐकतेय, कशाचीच पर्वा न करता म्हणाली, "दिनू, एक सांगायचं हुतं रं. त्या दिशी मी ताईचं लुगडं नेसले ती माजी चूक झाली. सासूबाईंनी सांगितलं खरं, पर नेसले मी. तुजी आई न्हाई व्हता येत मला. मी मावशीच हाय तुजी. तेवडंच मनात हुतं."

दिनकरनं सोललेली फोड तिच्या हातात दिली. सालं कागदात गुंडाळली. "डॉक्टरांना बघून येतो," असं म्हणाला आणि गेला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आक्काच्या हातात ती फोड तशीच. "जावा बाई, बगा कुटं गेलाय," ती मला म्हणाली. "मी बोलाय नगं हुतं."

तो हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभा होता. चहा हातात गार झालेला. मला बघून त्यानं माझ्यासाठी एक सांगितला. मग तो आपणहून बोलायला लागला.

"सगळ्यांना वाटतं मला आठवत नसेल. मला सगळं आठवतंय, बाई. लुगड्याला आईचा वास होता. वर बघितलं तर तोंड मावशीचं. मला वाटलं, मावशीनं आईला गिळलं." त्यानं चहा जमिनीवर ओतून दिला. "मग मोठा झालो, कळलं सगळं. कळून काय होतंय? आई म्हणावं तर ती मेलेली. मावशी म्हणावं तर चिमटा आठवायचा. इथं दंडावर. आजी जाऊन तीस वर्षं झाली, तरी तोंड उघडलं की दंड दुखतो. मग म्हटलं, काहीच म्हणायला नको. तसंच पडत गेलं. आता एकदम कसं म्हणायचं? नाटक वाटेल हो."

"नाही वाटणार," मी म्हटलं.

"मला वाटेल," तो म्हणाला.

आम्ही वर आलो. आक्का भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्याचं दाखवत होती. फोड उशाशी होती. त्यानं ती उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली, तिच्या पायावरची चादर सरळ केली आणि खुर्चीवर बसून वर्तमानपत्र उघडलं. माझा जीव इतका जळत होता की त्या रात्री मैत्रिणीकडे जेवताना मी उगाचच तिच्या नवऱ्याशी भांडले.

दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते, म्हणजे त्याच्या विश्रामबागेतल्या घरी. डॉक्टरांनी आता करण्यासारखं फार नाही असं सांगितलं होतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला ते सगळं ठाऊक होतं. मी सोमवारची रजा टाकून थांबले. निघताना तिनं माझा हात हातात घेतला. तिचे हात मला नेहमी गरम माहीत, त्या दिवशी गारठलेले होते. कोंबड्यांची तिनं काही चौकशी केली नाही. त्यानंतर ती अकरा दिवस जगली. शाळा, तपासणी आणि माझा नेहमीचा आळस, यांत मला पुन्हा जाणं झालं नाही. ते मला लागून राहिलंय आणि राहू दे.

त्या सोमवारी तिला खाली चाकाच्या खुर्चीतून आणलं. ऊन होतं. दिनकरची बायको पिशव्या डिकीत ठेवत होती, मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. दिनकरनं तिला काखेत धरून उचललं आणि मागच्या सीटवर बसवलं. डावा पाय आत गेला. उजवा, सुजून चपलेतही न मावणारा, बाहेरच राहिला. चप्पल त्याच्या हातात होती. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. दिनकरनं मागे बघून त्याला हात केला, एक हात दारावर ठेवला आणि घाईत, वाकून म्हणाला,

"मावशी, पाय आत घे."

त्याच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याची बायको पिशवी हातात धरून तशीच थांबली होती. आक्कानं वर बघितलं नाही. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत तिनं पाय आत घेतला. दिनकर दार लावायला गेला, तेवढ्यात तिनं तो पाय हळूच पुन्हा बाहेर काढला.